हाफ क्लच

नवा क्लच सहा आठवड्यांत जळला, तेव्हा मी मिस्त्रींच्या गॅरेजात जे काही बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. थोडक्यात सांगायचं तर मी त्यांना चोर म्हणाले, आणि त्यांनी एक स्टूल पुसून माझ्यापुढे केलं.

मी बसले नाही. रागात बसलं की राग कमी होतो, हे मला माहीत आहे.

मी गाडी शिकवते. बावीस वर्षं झाली. माझ्याकडे एकच गाडी आहे, टपावर पाटी लावलेली, आणि शिकवण्याच्या गाड्यांना असतात तशी तिला माझ्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक अशी दोन पेडलं आहेत. ती तारेने शिकणाऱ्याच्या पेडलांना जोडलेली असतात. मी माझं दाबलं की पलीकडचंही तेवढंच खाली जातं. पण मी ते दाबत नाही. गावभर माझी ख्यातीच तशी आहे. पहिल्या दिवशी प्रत्येकाला सांगते, "ही माझी पेडलं शोभेची. गाडी तुम्हीच चालवायची, मी नुसती बडबड करणार." लोकांना ते आवडतं. घाबरट माणसंसुद्धा माझ्याकडे येतात, ती यामुळेच.

मिस्त्रींनी जळालेली प्लेट उजेडात धरली आणि हळूहळू फिरवली. हा माणूस सगळंच हळू करतो. काठ निळे पडले होते, आणि मधला भाग तव्यासारखा काळा आणि गुळगुळीत झाला होता.

"माल डुप्लिकेट नाही, बाई," ते म्हणाले. "हा हाफ क्लचने गेलाय."

"हाफ क्लच म्हणजे काय ते मला शिकवताय?"

"शिकवत नाही, दाखवतोय. कोणीतरी पेडलवरून पाय पूर्ण उचलत नाही. नुसता टेकवून ठेवतं. मग प्लेट धड चिकटतही नाही आणि धड सुटतही नाही. घासत राहते."

"आधीचा क्लच वर्षभर टिकला होता. तेव्हा काय शिकणाऱ्यांना पाय नव्हते?"

"आधीचं पेडल कडक होतं. आता नवी तार टाकलीय, हलकी चालते. पायाचा भार आधीही असणार, आता तो लगेच आत पोचतो." त्यांनी प्लेट माझ्या हातात दिली. "दुसरा क्लच मी बसवून देतो. कंपनीचा, तुमच्यासमोर खोका फोडून. पण तो पाय सापडला नाही तर हाही जाणार."

आमचे हे म्हणतात, तू चिडलीस की बोलत सुटतेस, आणि तुला एखादी गोष्ट खरंच जाणून घ्यायची असली की गप्प बसतेस. मी गप्प बसले. स्टुलावरच बसले. माझ्याकडे त्या वेळी सात जण शिकत होते, म्हणजे सात डावे पाय. त्यांतला एक गुन्हेगार. मला एकदम उत्साह आला.

"मग शोधू या," मी म्हणाले.

कल्पना मिस्त्रींची होती. मोडीत काढलेल्या एका गाडीच्या दारातलं बटण त्यांनी काढलं, दार उघडल्यावर आतला दिवा लावणारं असतं ना, ते. ते त्यांनी शिकणाऱ्याच्या क्लच पेडलखाली बसवलं आणि डॅशबोर्डवर, माझ्या डोळ्यांसमोर येईल असा, वाटाण्याएवढा लाल दिवा लावला. पेडल करंगळीच्या पेराइतकं जरी दबलं तरी दिवा लागणार आणि पाय पूर्ण उचलला की विझणार. गॅरेजातून घरी मी स्वतः चालवत आले. गिअर बदलताना दिवा लागायचा, मग लगेच विझायचा. अगदी शिस्तीत. स्वतःच्या पायाचं मला कौतुक वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

आता जाऊबाईंचं सांगायला हवं, कारण खरी घाई त्यांच्यामुळे होती.

माझी मोठी जाऊ नर्स आहे. आम्ही एकाच घरात राहतो, ते वरच्या मजल्यावर आणि आम्ही खाली. एकोणीस वर्षं तिने हॉस्पिटलच्या वॉर्डात काढली, निम्मी रात्रपाळीत. पेशंट उचलून उचलून कंबर गेली. आता हॉस्पिटलने एक नवी जागा काढली होती: घरोघरी जाऊन पेशंट बघायचे, ड्रेसिंग बदलायचं, दिवसाची ड्यूटी, गाडी हॉस्पिटलची. जागा तिलाच द्यायची हे ठरल्यात जमा होतं. अट एकच, महिनाअखेरपर्यंत लायसन्स हातात पाहिजे. "एकोणीस वर्षं लोकांना झोपवलं," ती म्हणायची, "आता मला रात्रीची झोपायचंय."

आणि ती तीनदा नापास झाली होती. तिन्ही वेळा चढावर. सपाट रस्त्यावर, वळणावर, गाडी मागे घेताना तिच्याकडे बोट दाखवायला जागा नसे. पण परीक्षेत चढावर गाडी थांबवून परत काढायला सांगतात, तिथे घोडं पेंड खायचं. गाडी एक आचका देऊन बंद पडायची आणि मागे घसरायची. माझ्याबरोबर सराव करताना एकदाही नाही, आणि परीक्षकाबरोबर हटकून. पहिल्यांदा नापास झाल्यावर ती म्हणाली होती, "गाडी काहीतरी वेगळीच वागली गं." मी म्हणाले होते, "ताई, नाचता येईना अंगण वाकडं." तिने पुन्हा गाडीला दोष दिला नाही. दुसऱ्यांदा मी तिला सांगितलं, तू घाबरतेस. तिसऱ्यांदा श्वासाचे व्यायाम शिकवले. जी बाई मरणाऱ्या माणसाची नाडी धरून शांत उभी राहते, तिला मी श्वास कसा घ्यायचा ते शिकवलं.

चौथ्या परीक्षेची तारीख गुरुवारची होती. त्यानंतर महिना संपत होता.

पण त्या आठवड्यात माझं अर्धं डोकं त्या लाल दिव्यात होतं. मी एक वही केली. शिकणाऱ्यांना दिव्याचं काही सांगितलं नाही, कोणी विचारलं तर म्हणायचे, "तो माझ्यासाठी आहे, तुम्ही रस्त्याकडे बघा."

सोमवारी पहिले आले गणिताचे मास्तर, निवृत्त, अतिशय सावध. सरळ रस्त्याला लागलो, गिअर चौथा, डाव्या पायाला काही काम नाही. दिवा लागलेला. मला मनातून गुदगुल्या झाल्या. सापडला, पहिल्याच फटक्यात. वहीत लिहिलं, मास्तर, पाय टेकवतात. त्यांना म्हटलं, "पाय उचला." ते म्हणाले, "उचललाच आहे." दिवा तसाच. माणसाला स्वतःची खोड कळत नाही, मी मनात म्हटलं.

मग बेकरीवाली आली. ती पहाटे तीनपासून उभी असते, त्यामुळे तिला गाडीत बसायला मिळालं याचाच आनंद. दिवा लागलेला. मग दातांची डॉक्टर. लागलेला. संध्याकाळपर्यंत सातांपैकी पाच जण झाले, आणि पाचही जण वहीत. मी चक्रावले. एक चोर शोधायला निघाले होते, तर अख्खी आळीच चोरांची निघाली.

रात्री यांना जेवताना सांगितलं, तर म्हणाले, "सगळ्यांचा पाय एकसारखा वाकडा कसा असेल?" तोच तर प्रश्न होता. मला वाटलं, बूट. हल्ली सगळ्यांचे बूट जाड तळव्याचे, माणसाला पेडल जाणवतच नाही. मंगळवारी सकाळी मी मास्तरांना मोज्यांवर चालवायला लावलं. दिवा लागलेला. बेकरीवालीला अनवाणी. लागलेला. ती म्हणाली, "मॅडम, थंड लागतंय." मी म्हटलं, शास्त्रासाठी थोडं सोसा. मग सीट पुढे घेऊन बघितली, मागे घेऊन बघितली, डॉक्टरच्या पाठीमागे उशी ठेवली. वहीत आता रकाने पडले होते: उंची, बूट, सीट, पाठ. प्रत्येक रकान्यात उत्तर एकच.

दुपारी मी थेट गॅरेजात गेले. "तुमचं बटणच बिघडलंय," मी मिस्त्रींना म्हणाले.

"तुम्ही एकट्या चालवता तेव्हा?"

"तेव्हा नीट असतं."

"मग बटण बरंय." त्यांनी हात पुसले. "चला, मी चालवतो. बसा बाजूला."

आम्ही गॅरेजामागच्या सरळ रस्त्याला लागलो. तीस वर्षं गाड्या दुरुस्त करणारा माणूस, चौथ्या गिअरमध्ये, आणि दिवा लागलेला. मला इतका आनंद झाला की मी टाळीच वाजवली. "बघा. तुमचाही पाय. आणि मला हाफ क्लच समजावत होतात."

मिस्त्रींनी दिव्याकडे बघितलं. मग खाली, गाडीच्या तळाकडे बघितलं, जरा जास्तच वेळ, रस्ता मोकळा होता म्हणून बरं. "हं," ते म्हणाले. गाडी वळवून त्यांनी गॅरेजापाशी आणली, आणि उतरताना म्हणाले, "दोन दिवस काही करू नका, बाई. नुसतं बघत राहा. सगळीकडे बघा."

हळू माणूस आहे, त्याला उत्तर सापडलं नाही म्हणून वेळ मागतोय, असं मी धरून चालले.

त्याच संध्याकाळी जाऊबाईंचा सराव होता. आम्ही चढाचा सराव एका बंद पडलेल्या गोदामामागे करायचो. तिथे ट्रक वर चढवण्यासाठी केलेला सिमेंटचा उतार आहे, आजूबाजूला उंच भिंत आणि आत चिटपाखरू नाही. गाडी कुठे थांबवायची त्याची खूण म्हणून आम्ही एक रिकामा प्लास्टिकचा ड्रम ठेवला होता. ती ड्यूटीवरून तशीच आली होती, केस अजून क्लिपांनी घट्ट बांधलेले. येताना रस्ताभर दिवा लागलेला होता आणि मी मनात म्हणत होते, घरचीसुद्धा निघाली.

तिने चढावर गाडी थांबवली, काढली, थांबवली, काढली. एकदाही बंद पडली नाही. "हे असंच परवा कर म्हणजे झालं," मी म्हणाले. तिसऱ्यांदा ती मध्यावर थांबली, तेवढ्यात वाऱ्याने ड्रम गडगडत खाली गेला. "आणते," म्हणाली. गाडी न्यूट्रल केली, हँडब्रेक लावला आणि उतरून गेली. इंजिन चालूच होतं.

मी समोर बघत बसले होते. दिवा लागलेला होता.

हे लक्षात यायला मला दोन-तीन सेकंद लागले. ड्रायव्हरची सीट रिकामी, दार अर्धवट उघडं, आणि क्लचवर कोणाचा तरी पाय आहे असं दिवा सांगत होता. मी अंधश्रद्धाळू नाही, पण अंगावर काटा आला. बटण अडकलं असणार म्हणून मी पलीकडे वाकले, तिच्या पेडलकडे बघायला. दिवा विझला. मी परत नीट बसले, दिवा लागला. पुन्हा वाकले, विझला. मग मी वाकायचं सोडून खाली बघितलं.

माझा डावा पाय माझ्या क्लचवर होता. दाबलेला नव्हता, नुसता ठेवलेला, दमलेल्या माणसाने दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवावा तसा. मी तो उचलला. पलीकडचं पेडल आपोआप पेरभर वर आलं आणि दिवा विझला.

कान गरम होणं म्हणजे काय ते मला त्या वेळी कळलं. माझ्या ओळखीच्या प्रत्येक माणसाला मी सांगत आले होते की मी पायच लावत नाही, आणि माझा पाय तर तिथेच राहत होता. मी त्याला तिथे ठेवलाय हे मला एकदाही कळलं नव्हतं. मास्तर, बेकरीवाली, डॉक्टर, मिस्त्री, सगळ्यांना मी वहीत चोर लिहून मोकळी झाले होते.

आणि मग दुसरी गोष्ट डोक्यात आली, ती पहिलीपेक्षा वाईट होती. चढावर गाडी काढताना क्लच हळूहळू सोडावा लागतो. भसकन् सोडला की गाडी बंद पडते. ताईने तो भसकन् सोडला तरी माझा पाय पेडल धरून ठेवत होता आणि सावकाश वर येऊ देत होता. चढावरची सगळी कला माझ्या पायात होती, तिच्या पायापर्यंत ती कधी पोचलीच नव्हती. परीक्षेत माझ्या सीटवर परीक्षक बसतो, मांडीवर पुठ्ठा घेऊन, दोन्ही पाय तळाला टेकवून. ती तीनदा परीक्षेला बसली तेव्हाच काय ती एकटीने गाडी चालवत होती.

ती ड्रम घेऊन आली. मी दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले. "घे," मी म्हणाले.

गाडी आचका देऊन बंद पडली. मागे घसरली, तिने ब्रेक दाबला. पुन्हा. पुन्हा. पाच वेळा. सहाव्या वेळी तिने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"आज काय झालं? आत्ता तर जमत होतं."

इथे मी खोटं बोलले. ठरवून नाही, जीभ घसरली, पण खोटं ते खोटं. "मिस्त्रींनी तार बदललीय ना," मी म्हणाले. "क्लच जरा वरून लागतो. सवय होईल."

"पाच मिनिटांपूर्वी खालून लागत होता?"

"नवी तार आहे, कधी असं, कधी तसं होतं."

तिने माझ्याकडे बघितलं. वॉर्डात नातेवाइकांकडे बघते तसं. "बिघडलेल्या उपकरणाने मी पेशंटला हात लावत नाही," ती म्हणाली, "आणि बिघडलेल्या गाडीतून परीक्षा देणार नाही. परवाची तारीख रद्द करू." तिने पर्समधून फोन काढला.

"अगं पण महिनाअखेर..."

"जाईल जागा. घेईल दुसरी कोणी." तिचा आवाज अगदी सपाट होता. "पण चौथ्यांदा नापास नाही व्हायचं मला. तिथल्या शिपायालासुद्धा माझं तोंड पाठ झालंय."

तिने नंबर शोधला. मला तिचा अंगठा दिसत होता. मी नुसतं गप्प राहायचं, की माझं बावीस वर्षांचं नाव शाबूत राहणार होतं. तिची जागा जाणार होती, आणि मिस्त्रींच्या कपाळी खराब तार बसणार होती.

"तार चांगली आहे, ताई," मी म्हणाले. "क्लच चांगला आहे. माझा पाय वाईट आहे."

तिला आधी कळलं नाही. मी सगळं सांगितलं, दिव्यापासून. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. संपल्यावर म्हणाली, "दाखव."

मी पाय ठेवला, दिवा लागला. उचलला, विझला. तिने मला ते चार वेळा करायला लावलं, मग वाकून माझ्या पेडलकडे आणि तिच्या पेडलकडे आळीपाळीने बघितलं. राग दिसत नव्हता. एखादी जखम कुठपर्यंत गेलीय ते बघावं तसं ती बघत होती.

"तिन्ही वेळा?" तिने विचारलं.

"तिन्ही वेळा."

"पहिल्यांदा नापास झाले त्या दिवशी मी नळ सोडून बाथरूममध्ये रडत बसले होते. तुझ्या भाऊजींना कळू नये म्हणून." ती समोर भिंतीकडे बघत होती. "मला वाटलं, माझं डोकंच आता नवीन काही शिकण्याच्या लायकीचं राहिलं नाही. पाच महिने मी तेच धरून बसलेय. औषधांचे डोस तीन-तीनदा तपासायला लागले होते मी, स्वतःवर भरवसा नाही म्हणून."

"माफ कर," हे इतकं लहान वाटलं की ते मी तोंडातच ठेवलं.

"का ठेवतेस पाय?" तिने विचारलं. आवाजात खरंच कुतूहल होतं.

"माहीत नाही. भीती वाटत असेल."

"कोणाची? माझी?"

"सगळ्यांची," मी म्हणाले. आणि ते खरं होतं, हे मला बोलल्यावर कळलं. बावीस वर्षं मी अनोळखी माणसांच्या हातात स्टिअरिंग देऊन शेजारी बसत होते आणि वर हसत होते. माझ्या पायाला ते हसणं पटलेलं नव्हतं.

तिने हँडब्रेक ओढला. मग म्हणाली, "उतर."

"अगं एकटीने..."

"भिंतीच्या आतच आहे. उतर."

मी उतरले आणि बाजूला जाऊन उभी राहिले. गाडी बंद पडली. पुन्हा बंद पडली. दर वेळी तिचा पाय सुटायच्या बेताला माझा डावा पाय सिमेंटवर दाबला जायचा, आणि मला स्वतःचीच लाज वाटायची. नवव्या वेळी गाडी थरथरली, थांबली, आणि मग म्हातारा माणूस खुर्चीतून उठावा तशी कुरकुरत वर गेली. मी टाळी वाजवायला हात वर केले. ती थांबलीच नाही. वळून खाली आली, पुन्हा चढावर थांबली, पुन्हा काढली. असं तिने सहा वेळा केलं, दोनदा फसली, चारदा जमलं. मग माझ्यापाशी येऊन काच खाली केली.

"बस," म्हणाली. "पण मांडी घालून."

मी मांडी घालून बसले. या वयात त्या सीटवर मांडी घालणं सोपं नाही. घरी येईपर्यंत दिवा फक्त तिच्या पायाने लागत होता आणि तिच्याच पायाने विझत होता.

बुधवारी ती सकाळी एक तास आणि ड्यूटीनंतर दोन तास चालवत होती. मधल्या वेळात मी मिस्त्रींकडे गेले. ते गाडीखाली होते, नुसते पाय बाहेर. मी त्या पायांनाच म्हणाले, "माझं चुकलं. क्लच चांगला होता. तुम्हीही चांगले आहात."

ते सरकत बाहेर आले. "सापडला?"

"सापडला. तुम्हाला कधी कळलं होतं?"

"माझ्या शेजारी बसलात तेव्हा. माझा पाय तर मी बाजूला काढून ठेवला होता."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तेव्हा मी चोर होतो, बाई," ते म्हणाले. "चोराचं कोण ऐकतं?" आणि परत गाडीखाली गेले. माझ्या बाजूच्या पेडलची तार तेवढी सैल करून द्या, म्हणजे अगदी मुद्दाम दाबल्याशिवाय ती लागणार नाही, असं मी खाली वाकून सांगितलं. "बघू," आतून आवाज आला, "आधी पाय सुधारा."

गुरुवारी परीक्षेच्या आवारात माझ्यासारखे शिकवणारे एका बाकावर बसून असतात. सगळे जण आपल्याला काहीच फरक पडत नाही असं दाखवत असतात. ताई गाडीत बसली, परीक्षक माझ्या सीटवर बसला, मांडीवर पुठ्ठा. जाताना तिने माझ्याकडे बघितलं नाही. मी शेजारच्या माणसाशी टायरांबद्दल बोलत होते. काय बोलले ते देवाला ठाऊक.

वीस मिनिटांनी गाडी परत आली. ती आतच बसून राहिली, परीक्षक एकटा उतरला आणि कागदावर सही करत माझ्याकडे आला. त्याने कागद दिला. पास.

"चढावर एकदा बंद पडली," तो म्हणाला. "पण त्यांनी शांतपणे ब्रेक लावला, पुन्हा चालू केली आणि काढली. तसं चालतं." मग तो जायला वळला आणि थांबला. "मॅडम, एक विचारू का? कित्येक दिवस मनात आहे."

"विचारा."

"तुमचे विद्यार्थी चढावर गाडी बंद पडली की माझ्या पायांकडे बघतात. आधी माझ्या पायांकडे, मग रस्त्याकडे. दुसऱ्यांचे नाही, फक्त तुमचे. मला वाटायचं, माझ्या बुटांना काही लागलंय की काय. आज पहिल्यांदा कोणी बघितलं नाही, म्हणून आठवलं."

"कधीपासून बघतात?"

"मी इथे आलो तेव्हापासून. नऊ वर्षं होतील." माझ्या तोंडाकडे बघून तो जरा गोंधळला. "म्हणजे तक्रार नाही हो. नुसतं कुतूहल."

मी गाडीत येऊन बसले. ताईने कागद वाचला, घडी घातली, पर्समध्ये ठेवला आणि गाडी आवाराबाहेर काढली. पहिल्या सिग्नलला थांबल्यावर तिने विचारलं, "एवढं काय बोलत होते?"

मी सांगितलं. नऊ वर्षांचं आणि पायांचं, जसंच्या तसं.

तिने आरसा जरासा नीट केला.

"खरं आहे," ती म्हणाली. "मीही बघायचे. तिन्ही वेळा बघितलं. आपण कोणाला शोधतोय, तेच मला कळायचं नाही."

सिग्नल सुटला आणि तिने गाडी काढली.